फुटलेल्या काचा आणि चौदा मते

१ मार्च १९१२च्या शुक्रवारी सायंकाळी लंडनच्या वेस्ट एंड भागातील दुकानांचे दिवे नुकतेच लागले होते. हेमार्केट, पिकॅडिली, रीजंट स्ट्रीट, ऑक्सफर्ड स्ट्रीट या रस्त्यांवर नेहमीची गर्दी होती. त्या गर्दीतल्या काही सुवेष, घरंदाज दिसणाऱ्या स्त्रियांनी एकाएकी जवळच्या हातोड्या आणि दगड बाहेर काढले आणि दुकानांच्या भल्यामोठ्या काचांवर घातले. काही मिनिटांत पदपथांवर काचांचा सडा पडला. त्याच सुमारास डाउनिंग स्ट्रीटवर एक टॅक्सी थांबली. तिच्यातून उतरलेल्या त्रेपन्न वर्षांच्या एका विधवेने पंतप्रधानांच्या निवासस्थानाच्या खिडक्यांवर दगड भिरकावले. या बाईंचा नेम मुळीच चांगला नव्हता. सरावासाठी त्या आपली मैत्रीण, संगीतकार एथेल स्मिथ यांच्याबरोबर माळावर गेल्या होत्या, तेव्हा पहिलाच दगड मागच्या बाजूला जाऊन स्मिथबाईंच्या कुत्र्याला लागता लागता राहिला होता. डाउनिंग स्ट्रीटच्या काचा मात्र फुटल्या आणि एमेलिन पॅन्कहर्स्ट यांना अटक झाली.

चार आठवड्यांनी, २८ मार्चला, स्त्रियांना मर्यादित मताधिकार देणारे विधेयक कॉमन्स सभागृहात मतास आले. त्याच आशयाच्या विधेयकाचे दुसरे वाचन आदल्या वर्षी १६७ मतांच्या आधिक्याने संमत झाले होते. या वेळी २०८ विरुद्ध २२२, म्हणजे अवघ्या चौदा मतांनी ते पडले. त्या काचांचा आणि या मतांचा संबंध काय, हा वाद त्याच रात्री सुरू झाला. चक्काजाममध्ये अडकलेला, रेल रोकोमुळे फलाटावर ताटकळलेला प्रत्येक नागरिक आजही वेगळ्या शब्दांत तोच वाद घालत असतो.

एमेलिन गुल्डन हिचा जन्म १५ जुलै १८५८ रोजी मँचेस्टरमध्ये झाला. ती स्वतः मात्र आयुष्यभर १४ जुलै ही तारीख सांगत असे. पॅरिसचा बास्तीय तुरुंग लोकांनी फोडला तो दिवस आपला असावा, अशी तिची हौस. वडील रॉबर्ट गुल्डन कापडछपाईच्या धंद्यात होते. आजोबा १८१९ साली पीटरलूच्या मैदानावर, जेथे मताधिकार मागणाऱ्या सभेवर घोडदळ घालण्यात आले तेथे, हजर होते असे घरात सांगितले जाई. चौदाव्या वर्षी आईबरोबर ती लिडिया बेकर यांच्या सभेला गेली आणि स्त्री-मताधिकाराची पुरस्कर्ती होऊन परतली. घर असे पुरोगामी. तरी एका रात्री अंथरुणावर डोळे मिटून पडली असताना, ही पोर मुलगा म्हणून जन्मली नाही याची हळहळ वडिलांच्या तोंडून तिने ऐकली होती.

एकविसाव्या वर्षी तिने डॉ. रिचर्ड पॅन्कहर्स्ट या बॅरिस्टरांशी विवाह केला. ते वयाने तिच्याहून दुपटीने मोठे होते. स्त्रियांना मताधिकार देणाऱ्या, १८७० साली पार्लमेंटपुढे आलेल्या पहिल्या विधेयकाचा मसुदा त्यांचाच होता. पाच मुले झाली; त्यांतला एक मुलगा चौथ्या वर्षी गेला. १८९४ साली पॅन्कहर्स्टबाई चॉर्ल्टनच्या दरिद्री-साहाय्य मंडळावर निवडून आल्या. तेथल्या आश्रयगृहात सात-आठ वर्षांच्या मुली पातळ सुती झग्यांत थंडगार फरशी घासताना त्यांनी पाहिल्या. मत हा केवळ मानाचा विषय नव्हे, या मुलींच्या अंगावरच्या कपड्याचा विषय आहे, ही त्यांची धारणा तेथे झाली.

१८९६चा एक प्रसंग त्यांच्या पुढील आयुष्याची किल्ली म्हणावा असा आहे. मँचेस्टर नगरपालिकेने बॉगर्ट होल क्लफ या उद्यानात स्वतंत्र मजूर पक्षाच्या सभांना बंदी केली. वक्ते तुरुंगात जाऊ लागले. पॅन्कहर्स्टबाईंनी बंदी मोडून भाषण केले, उघड्या छत्रीत वर्गणीची नाणी गोळा केली आणि तुरुंगात जाण्याची तयारी ठेवली. एका प्रतिष्ठित बॅरिस्टरच्या पत्नीला आत टाकण्याचे धैर्य कोणाला झाले नाही. सभांना हजारोंनी लोक येऊ लागले व अखेर बंदी गळून पडली. नियम मोडायचा, शिक्षा अंगावर घ्यायची आणि सरकारला पेचात धरायचे हे तंत्र त्यांना असे पहिल्याच खेपेला फळले. पहिल्या यशाने माणूस जे शिकतो ते पुढे परिस्थिती पालटली तरी सहसा विसरत नाही.

१८९८ साली डॉ. पॅन्कहर्स्ट अचानक वारले. परदेशातून परतताना आगगाडीत सहप्रवाशाच्या हातातील वृत्तपत्रावर बाईंना ती बातमी दिसली. मागे कर्ज होते. जन्ममृत्यू नोंदणीची नोकरी धरून त्यांनी घर चालवले. १० ऑक्टोबर १९०३ रोजी नेल्सन स्ट्रीटवरील त्यांच्या घरी काही जणींनी मिळून ‘विमेन्स सोशल अँड पोलिटिकल युनियन’ ही संस्था स्थापन केली. शब्द पुरे झाले, आता कृती हवी, असे तिचे ब्रीद होते.

या ब्रीदामागची चीड समजून घेतली पाहिजे. जवळजवळ चाळीस वर्षे इंग्लंडमधील स्त्रिया सनदशीर मार्गाने मत मागत होत्या. अर्ज झाले, सह्या झाल्या, विधेयके झाली. खासदार सौजन्याने ऐकून घेत आणि विसरून जात. वृत्तपत्रे सभांचा वृत्तांतही छापत नसत. १३ ऑक्टोबर १९०५ रोजी बाईंची थोरली कन्या ख्रिस्ताबेल आणि गिरणी कामगार ॲनी केनी या दोघींनी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये उदारमतवादी पक्षाच्या सभेत उभे राहून मताधिकाराविषयी प्रश्न विचारला. उत्तर मिळाले नाही. धक्के मारून बाहेर काढण्यात आले. ख्रिस्ताबेल शिपायावर थुंकली, दोघींनी दंड नाकारला आणि तुरुंग पत्करला. दुसऱ्या दिवशी जे चाळीस वर्षे छापले गेले नव्हते ते सगळ्या वृत्तपत्रांत होते. त्यात शिव्याशापच अधिक होते, पण विषय घराघरांत गेला.

या गोंगाटाचा पहिला लाभ झाला तो सनदशीर मार्गाने जाणाऱ्यांनाच. मिलिसेंट फॉसेट यांच्या मताधिकार संघटनांच्या राष्ट्रीय महासंघात कायदा न मोडणाऱ्या स्त्रिया होत्या. १९०६च्या अखेरीस तुरुंगातून सुटून आलेल्या लढाऊ भगिनींसाठी फॉसेटबाईंनी सॅव्हॉय हॉटेलात मेजवानी दिली. तुरुंगात जाण्याची हिंमत नाही, पण आता गप्प बसवत नाही, अशा असंख्य जणी त्यांच्या महासंघात येऊ लागल्या. १९१४ पर्यंत त्याची सभासदसंख्या पन्नास हजारांच्या वर गेली. पॅन्कहर्स्टबाईंनी दार ठोठावले, आणि त्यातून आत शिरल्या त्या बऱ्याचशा फॉसेटबाईंच्या अनुयायी. हे दोघींपैकी एकीलाही मोकळेपणाने मान्य करता आले नाही.

त्याच १९०६च्या हिवाळ्यात दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांची कैफियत घेऊन बॅरिस्टर गांधी लंडनला आले होते. तुरुंगात जाणाऱ्या या बायकांचे त्यांना मोठे कौतुक वाटले आणि ‘इंडियन ओपिनियन’मधून त्यांनी तो आदर्श आपल्या बांधवांपुढे ठेवला. १९०९ साली ते पुन्हा आले, तोवर दगड सुरू झाले होते. या वेळी त्यांनी त्या स्त्रियांच्या सोशिकतेची वाखाणणी केली, मात्र हिंसेचे अनुकरण करू नये, असे बजावले. तीन वर्षांत एकाच निरीक्षकाचे मत असे दुभंगले, यात चळवळीचा सारा इतिहास आला.

या तीन वर्षांत काय घडले? २१ जून १९०८ रोजी हाइड पार्कमध्ये सात मिरवणुकांनी येऊन मिळालेली प्रचंड सभा भरली. अडीच लाखांपासून पाच लाखांपर्यंत उपस्थितीचे अंदाज वर्तवले गेले. एक काच फुटली नाही. पंतप्रधान अ‍ॅस्क्विथ यांनी त्या सभेची दखलही घेतली नाही. नऊ दिवसांनी मेरी ली आणि एडिथ न्यू या दोघींनी डाउनिंग स्ट्रीटवर पहिले दगड मारले. शांततेच्या सर्वांत मोठ्या प्रदर्शनानंतर नऊ दिवसांत दगड आला, हा क्रम शांततेचा उपदेश करणाऱ्यांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. १९०९च्या जुलैत मॅरियन वॉलेस डनलॉप यांनी तुरुंगात अन्नत्याग केला. सप्टेंबरपासून सरकारने उपोषण करणाऱ्या स्त्रियांना बळाने अन्न भरवण्यास आरंभ केला. हातपाय धरून, नाकातोंडातून रबरी नळी घालून. ही वर्णने बाहेर आली तेव्हा मताधिकाराशी कर्तव्य नसलेल्या लोकांनाही शिसारी आली.

पॅन्कहर्स्टबाईंच्या घरावर १९१० हे साल कोसळले. पक्षाघाताने आजारी असलेला हॅरी हा एकुलता उरलेला मुलगा जानेवारीत गेला. त्याच्या उपचारांच्या पैशासाठीच त्या आदल्या वर्षी अमेरिकेत व्याख्याने देत हिंडल्या होत्या. १८ नोव्हेंबरला, ज्याला पुढे ‘काळा शुक्रवार’ हे नाव पडले, सुमारे तीनशे स्त्रियांचे शिष्टमंडळ घेऊन त्या पार्लमेंटवर गेल्या. पहिल्या तुकडीत त्यांच्याबरोबर पंजाबचे महाराज दुलीपसिंग यांची कन्या सोफिया होती. सहा तास पोलिसांनी त्या स्त्रियांना ढकलले, आपटले, मारले आणि त्यांच्या अंगाशी लज्जास्पद वर्तन केले. अटक झालेल्यांवरचे बहुतेक खटले गृहमंत्री चर्चिल यांनी दुसऱ्या दिवशी काढून घेतले. न्यायालयात साक्षी निघू नयेत हीच त्यातली सोय असावी. त्याच नाताळच्या दिवशी बाईंची धाकटी बहीण मेरी क्लार्क तुरुंगातून सुटून दोन-तीन दिवस होतात तोच मरण पावली.

पुढच्या फुटलेल्या काचांचे एक साधे व्यावहारिक कारण या शुक्रवारात आहे. शांतपणे उभे राहिले तर सहा तास मार खावा लागतो. काच फोडली तर शिपाई ताबडतोब धरून ठाण्यावर नेतो आणि शरीर वाचते. अनेक स्त्रियांनी हा हिशेब केला. त्यातच नोव्हेंबर १९११मध्ये अ‍ॅस्क्विथ यांनी सर्व पुरुषांना मत देणारे नवे विधेयक आणण्याचे घोषित केले. स्त्रियांसाठी चाललेल्या तडजोडीच्या विधेयकाच्या पायाखालची जमीनच त्यांनी काढून घेतली. फेब्रुवारी १९१२मध्ये चार्ल्स हॉबहाउस या मंत्र्यांनी ब्रिस्टलच्या सभेत आणखी तेल ओतले. १८३२च्या सुधारणेपूर्वी पुरुषांनी नॉटिंगहॅमचा किल्ला जाळला होता, तसा लोकक्षोभ स्त्रियांच्या बाबतीत कोठे दिसतो, अशा अर्थाचे ते बोलले. जबाबदार मंत्र्याने जाळपोळीची अशी आठवण करून देणे हा बेजबाबदारपणाचा कळस होता. पॅन्कहर्स्टबाईंनी ते आव्हान समजून उचलले. त्यांचा युक्तिवाद इतिहासाला धरून होता. १८६६ साली हाइड पार्कचे कठडे मोडले आणि १८६७ साली शहरी कामगारांना मत मिळाले. पुरुषांनी केले तर तो लोकक्षोभ आणि स्त्रियांनी केले तर तो उन्माद, हा दुटप्पीपणा त्यांनी नेमका पकडला होता.

आता ती चौदा मते. आदल्या वर्षी विधेयकाला साथ देणारे आयरिश राष्ट्रवादी खासदार या वेळी बहुतेक सगळे विरोधात गेले. आयर्लंडच्या स्वराज्याचे विधेयक तोंडावर होते; स्त्री-मताधिकाराने अ‍ॅस्क्विथ मंत्रिमंडळात फूट पडली तर आपले स्वराज्य बुडेल, हे त्यांचे भय होते. कोळसा खाणींत देशव्यापी संप चालू असल्यामुळे मजूर पक्षाचे अनेक अनुकूल खासदार आपल्या मतदारसंघांत अडकले होते. तेवढ्यानेच चौदाचे अंतर भरून निघते. काचांनी विधेयक पाडले हे म्हणणे अंकगणिताला धरून नाही. परंतु काचांनी दुसरे काम केले. ज्यांना माघार घ्यायचीच होती त्यांना एक सभ्य सबब दिली, आणि खरी कारणे त्या सबबीआड झाकली गेली. सकाळच्या वृत्तपत्रांना आयरिश डावपेच समजावून सांगण्यापेक्षा माथेफिरू बायकांवर लिहिणे सोपे होते.

शिवाय त्या काचा कोणाच्या होत्या? दुकानदारांच्या. संस्थेच्या मुखपत्रात जाहिराती देणाऱ्या काही दुकानांच्याही त्यांत होत्या. येथे पॅन्कहर्स्टबाईंच्या राजकारणाची मूळ मेख बदलली. १९१० पर्यंत रस्त्यावर मार खात होत्या त्या स्त्रिया आणि मारत होते ते सरकार. पाहणाऱ्याची कणव आपोआप स्त्रियांकडे वळत होती. काळ्या शुक्रवारने आणि रबरी नळीने चळवळीला जे दिले ते कोणत्याही हातोडीने दिले नाही. मार्च १९१२ नंतर ज्याचे नुकसान होत होते तो सरकारशी संबंध नसलेला माणूस होता. टपालपेट्यांत रसायने टाकली गेली; त्या पेट्या उघडणाऱ्या टपालकामगारांचे हात भाजले. कोणाच्याही जिवाला धोका होऊ नये असा बाईंचा सक्त आदेश होता, पण आग आदेश वाचत नाही.

संस्थेच्या आतही तडे गेले. पेथिक-लॉरेन्स पतिपत्नींनी आपला पैसा, घर, मुखपत्र सर्व काही चळवळीला दिले होते. काचफोडीच्या कटाच्या खटल्यात त्यांनी तुरुंगवास सोसला, खटल्याच्या खर्चापोटी त्यांची मालमत्ता जप्त झाली. ऑक्टोबर १९१२मध्ये त्यांनी जाळपोळीचा मार्ग अमान्य केला, तेव्हा बाईंनी त्यांना संस्थेतून काढून टाकले. संस्थेत निवडणूक नव्हती, घटना नव्हती. सेनापती आणि सैनिक एवढेच नाते होते. लोकशाही हक्कासाठी लढणारी संघटना आतून एकतंत्री होती. जानेवारी १९१४मध्ये पोटच्या सिल्व्हियालाही बाहेरची वाट दाखवण्यात आली. लंडनच्या पूर्व भागातील कष्टकरी स्त्रियांना घेऊन ती मजूर चळवळीच्या जवळ गेली, हा तिचा अपराध. धाकट्या आडेलाला तर ऑस्ट्रेलियाचे एकेरी तिकीट हातात देऊन धाडले गेले.

फेब्रुवारी १९१३मध्ये अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांच्या बांधकाम चालू असलेल्या घरात स्फोट झाला. पॅन्कहर्स्टबाईंनी जाहीरपणे जबाबदारी घेतली आणि तीन वर्षांची सक्तमजुरी ओढवून घेतली. त्यांनी अन्न सोडले. मरू देता येत नाही आणि या वयाच्या, या नावाच्या बाईला नळी घालताही येत नाही, अशा पेचात सापडलेल्या सरकारने उपोषणाने खंगलेल्या कैद्याला सोडायचे व बरी झाली की पुन्हा पकडायचे, असा कायदा केला. लोकांनी त्याला मांजर-उंदराचा कायदा म्हटले. वर्षभरात बाई अनेकदा आत गेल्या आणि दर वेळी स्ट्रेचरवरून बाहेर आल्या. त्यांना अटकेपासून राखण्यासाठी जपानी कुस्तीचे डाव शिकलेल्या स्त्रियांचे पथक उभे राहिले. मार्च १९१४मध्ये ग्लासगोच्या सभेत व्यासपीठावरून त्यांना ओढून नेण्यात आले. दुसऱ्या दिवशी मेरी रिचर्डसन यांनी लंडनच्या नॅशनल गॅलरीतील व्हेलास्केझच्या व्हीनसवर कोयता चालवला. बाईंचे हाल पाहून हळहळणारा मनुष्य त्या चित्राची चिरफाड पाहून तितकाच हळहळला. दोन्ही हळहळी एकमेकींना छेद देत होत्या.

ऑगस्ट १९१४मध्ये महायुद्ध सुरू झाले. सरकारने सर्व कैदी स्त्रियांना सोडले आणि पॅन्कहर्स्टबाईंनी लढा एका दिवसात थांबवला. एवढेच नव्हे, तर त्या सरकारच्या खंद्या समर्थक झाल्या. सक्तीच्या सैन्यभरतीची मागणी, संपकऱ्यांवर टीका, शांततावाद्यांवर आगपाखड. ज्यांच्या घरात स्फोट झाला त्या लॉइड जॉर्ज यांच्या खात्याच्या पैशाने १९१५ साली त्यांनी स्त्रियांना युद्धकामाचा हक्क मागणारी मिरवणूक काढली. युद्धाला विरोध करणाऱ्या सिल्व्हियाचा त्यांनी जाहीर निषेध केला. कालपर्यंत कायदा मोडणाऱ्या बाईंना दुसऱ्याने मोडलेला कायदा सहन होईना.

मत मिळाले ते ६ फेब्रुवारी १९१८च्या कायद्याने. परदेशी लढणाऱ्या सैनिकांची नावे मतदारयादीत कशी ठेवायची, या अडचणीतून निवडणूक कायदा बदलणे भाग पडले. संमिश्र सरकार असल्याने कोणत्या पक्षाला लाभ होईल ही जुनी भीती सौम्य झाली होती. फॉसेटबाईंचे कार्यकर्ते शेवटपर्यंत खासदारांच्या पाठी होते. या सर्वांमागे एक न बोललेली धास्तीही होती. युद्ध संपल्यावर त्या बायका पुन्हा हातोड्या घेऊन रस्त्यावर येतील, आणि या वेळी देशाची सेवा केलेल्या स्त्रियांना नळ्या घालण्याचे पाप कोणत्याही मंत्रिमंडळाला परवडणार नाही. म्हणजे दंगा चालू असताना जे मिळाले नाही ते दंगा थांबल्यावर, पण दंग्याच्या स्मृतीमुळे काही अंशी मिळाले. न्यूझीलंडमध्ये १८९३ साली केवळ अर्जांवर आणि सह्यांवर हे मत मिळाले होते, आणि फ्रान्समध्ये काच न फोडता बसलेल्या स्त्रियांना १९४४ पर्यंत वाट पाहावी लागली. त्यामुळे शेजारच्या देशाचा दाखला दोन्ही पक्षांना सारखाच उपयोगी पडतो.

१९१८चे मत तिशी ओलांडलेल्या आणि घरमालमत्तेची अट पुरी करणाऱ्या सुमारे ८४ लाख स्त्रियांना मिळाले. दारूगोळ्याच्या कारखान्यांत राबलेल्या बहुसंख्य तरुण मुली त्यातून वगळल्या गेल्या. पॅन्कहर्स्टबाई पुढे काही वर्षे कॅनडात राहिल्या, परतल्या, आणि १९२६ साली हुजूर पक्षात गेल्या. जुने सहकारी थक्क झाले. लंडनच्या गरीब वस्तीतून त्या पक्षाच्या उमेदवारीची तयारी चालू असतानाच प्रकृती ढासळली. तुरुंगातल्या उपोषणांनी शरीर कधीच पोखरून टाकले होते. १४ जून १९२८ रोजी त्यांचे निधन झाले. एकवीस वर्षांवरील सर्व स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मत देणाऱ्या कायद्यावर २ जुलैला राजाची मोहोर उठली.

फॉसेटबाईंचा पुतळा पार्लमेंटसमोरच्या चौकात उभा राहण्यास २०१८ साल उजाडावे लागले. पॅन्कहर्स्टबाईंचा पार्लमेंटलगतच्या बागेतला पुतळा मात्र त्यांच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांत उभा राहिला. ६ मार्च १९३० रोजी माजी पंतप्रधान बाल्डविन यांनी त्याचे अनावरण केले. त्या समारंभात संगीत वाजवण्यासाठी लंडन पोलिसांचा वाद्यवृंद बोलावला होता, आणि त्याचे संचालन करत होत्या एथेल स्मिथ, १९१२ साली काच फोडल्याबद्दल त्याच पोलिसांनी तुरुंगात धाडलेल्या.